निंबा पाटलांची फेरचौकशी

फाइल तशी पातळ होती. एक अर्ज, रेशनकार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांनी दिलेला अपंगत्वाचा दाखला, आणि सगळ्यांच्या वर सुभेदार साहेबांचा चार ओळींचा अहवाल. धुळ्याच्या त्या सैनिक कार्यालयात सारिका कंत्राटी क्लार्क म्हणून लागली त्याला सहा महिने झाले होते आणि लग्नाला तीन. एवढ्या काळात तिला एक गोष्ट कळली होती. कचेरीत काय आणि सासरी काय, जो कागद सगळ्यात पातळ असतो तोच सगळ्यात जास्त डोकं खातो.

अर्जदार निंबा सुकदेव पाटील, वय पंचाहत्तर, मुक्काम टेंभरपाणी, सातपुड्याच्या पायथ्याला. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखाली कापला. सैन्याची पेन्शन कागदांच्या गोंधळात कधी लागलीच नाही. आता म्हातारपणी, गरजू अपंग सैनिकांना राज्य शासन देतं त्या पेन्शनसाठी अर्ज केला होता. अर्ज वाजवी होता. पण साहेबांनी लिहिलं होतं : ‘अर्जदार शेतात दोन्ही पायांनी चालताना समक्ष पाहिला. नाव विचारले असता मान हलवून होकार दिला. अर्ज नामंजूर करावा.’

सुभेदार साहेब म्हणजे सरळ माणूस. खोटं बोलायचं तर त्यांना घाम फुटायचा. त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला असता. पण मागाहून एक पोस्टकार्ड आलं. निंबा पाटलांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘साहेबांनी पाहिला तो खरा. पण तो अर्जदार नाही. परत माणूस पाठवा. बाईमाणूस असेल तर बरं.’

“एकतीस तारखेला समिती बसते,” साहेब म्हणाले. “त्यानंतर फाइल कायमची बंद. माझा अहवाल मीच फिरवू शकत नाही. तू जाऊन ये.”

“मी काय वेगळं बघणार, साहेब?”

“तुझ्या डोळ्यांनी बघ. माझे तर म्हातारे झाले.” हे म्हणताना ते हसले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत राहिले. “दुपारच्या आत तिथून निघ, एवढंच.”

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सारिकानं विचारलं नाही. ती मुळातच कमी बोलायची. असोद्याला माहेरी तिला मुकी म्हणायचे. देवपूरला सासरी तिला गरीब स्वभावाची म्हणत. अर्थ एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी तिच्या पर्समध्ये एक कांदा टाकला, उन्हाच्या बाधेवर. मग हातातल्या हिरव्या चुड्याकडे बघत त्या म्हणाल्या, “भर दुपारी झाडाखाली थांबू नको. नदीकाठानं जाऊ नको. अजून हळदीचं अंग आहे तुझं.”

“आई, सरकारी काम आहे.”

“मग सरकारला सांग ना, तीन महिने झालेत फक्त.”

नवरा तेजस हसला. सारिकाही हसली. शासन निर्णयात हळदीच्या अंगाला सवलत नव्हती, हे खरंच होतं.

शिरपूरपर्यंत एसटी, पुढे खच्चून भरलेली जीप, आणि जीप सोडली तिथून दीड किलोमीटर पायी. साहेबांनी दुपारच्या आत निघ म्हणून सांगितलं होतं, आणि जीपवाल्यानं शेवटची सीट भरेपर्यंत सव्वा तास घालवून तिला बरोबर बाराच्या ठोक्याला टेंभरपाणीच्या फाट्यावर उतरवलं.

ऊन मी म्हणत होतं. मे महिन्यात खानदेशातली दुपार ही एक प्रकारची मध्यरात्रच असते. दारं बंद, रस्ते ओस, कुत्रीसुद्धा मोरीत शिरलेली. आवाज म्हणून नाही. अंधाराला माणूस घाबरतो तेव्हा निदान दिवा तरी लावता येतो. एवढ्या उजेडाचं काय करायचं... सारिकानं ओढणी डोक्यावरून घेतली आणि चालू लागली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेली शेतं दोन्ही अंगांनी पसरली होती. लांबवर डोंगर होता, तोही उन्हात विरघळल्यासारखा.

गावाच्या अलीकडे एक विहीर होती. विहिरीवर एक म्हातारा पाणी शेंदत होता. उंच, सडपातळ, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पांढऱ्या मिशा, डाव्या बाजूला जरा विरळ. दोन्ही पाय काठाच्या दगडावर घट्ट रोवून तो दोर ओढत होता, एका लयीत. दम लागला की थांबत होता.

“बाबा, निंबा पाटलांचं घर कुठं आलं?”

त्यानं वळून पाहिलं. बोलला नाही. भरलेली घागर खांद्यावर घेतली आणि मानेनंच ‘चल’ म्हणून पुढे झाला.

ती मागून चालू लागली. चालताना तिला दोन गोष्टी जाणवल्या. घाबरली नव्हती म्हणूनच कदाचित इतक्या नीट जाणवल्या. एक म्हणजे वास. सुकलेली पानं जाळल्यावर मागे राहतो तसा, गार झालेल्या राखेचा. आणि दुसरी म्हणजे आवाज. म्हातारा पाऊल टाकी तेव्हा पाचोळ्यावरून चालल्यासारखी सळसळ होई. तिनं खाली पाहिलं. वाट उघडीबोडकी होती. फुफाटा आणि खडे, बाकी काही नाही. एक पानसुद्धा नाही.

घर एकटंच होतं, गावापासून सुटं, मातीच्या भिंतींचं, वर पत्रे. म्हातारा घराला वळसा घालून मागच्या अंगाला गेला. सळसळ थांबली.

सारिका ओट्यावर बसली आणि तिनं मनातल्या मनात अहवाल लिहून टाकला. साहेबांचे डोळे म्हातारे झाले नव्हते. माणूस धडधाकट होता. पाणी शेंदत होता, घागर वाहत होता. विनाकारण एसटीचा धक्का खाल्ला. तिला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. खरोखर पाय गमावलेली माणसं कचेरीच्या जिन्यावर बसून असायची, एकेका सहीसाठी.

मग दार उघडलं.

दारात एक ठेंगणी, सुरकुतलेली बाई उभी होती. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सारिकाच्या हातातली फाइल पाहून तिनं ओळखलं.

“कचेरीमाईन उनी का वो बेटी? ये, मझार ये. उनमा नको बसू.”

“झुंबरबाई तुम्हीच ना? मी आत्ता निंबाबाबांना विहिरीवर पाहिलं. तेच मला घेऊन आले.” सारिका शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाली. “अक्का, त्यांचे दोन्ही पाय...”

“व्हय. त्याले दोन पाय शेतस,” झुंबरबाई म्हणाल्या. “मझार ये.”

आत गारवा होता आणि अंधार. डोळे सरावायला वेळ लागला. कोपऱ्यात खाट होती, खाटेशी कुबडी टेकवलेली. खाटेवर एक म्हातारा उठून बसायची धडपड करत होता. पांढऱ्या मिशा, डाव्या बाजूला जरा विरळ. तोच चेहरा, तेच खांदे. धोतर डावीकडे गुडघ्याखाली रिकामं पडलं होतं.

“जयहिंद, ताई,” तो म्हणाला. “माफ करा, उभा राहत नाही.”

सारिका खाली बसली. झुंबरबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी विहिरीवरचंच असणार, हे तिच्या लक्षात आलं. तरी ती प्यायली. घशाला कोरड पडली की विचार मागे पडतात.

“जुळे भाऊ का?” तिनं विचारलं. शहाण्या माणसानं आधी शहाणाच प्रश्न विचारावा.

“मी एकुलता एक,” निंबा पाटील म्हणाले. सैन्यात राहिल्यामुळे त्यांची बोली बरीच शुद्ध झाली होती. “सांगून टाक गं,” ते बायकोला म्हणाले. “मागच्या खेपेला साहेबांना सांगता आलं नाही, ते बांधावरूनच परत गेले.”

झुंबरबाईंनी सांगितलं. आवाज अगदी साधा होता, गाय कधी व्याली हे सांगावं तसा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. निंबा बेपत्ता आहे म्हणून. महिना गेला, दोन गेले. सैन्यातून परत आलेल्या एका गाववाल्यानं सांगितलं, सुरुंग फुटला तिथं मी होतो, त्यातून कुणी वाचणार नाही. सासू अन्नाला शिवेना. देह नाही, माती नाही, लेकाला गती कशी मिळणार? मग भटजींनी पालाशविधी सांगितला. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्यालाच अग्नी देतात. सासूनं स्वतःच्या हातानं पानं आणली. मोजून तीनशे साठ. डोक्याला नारळ ठेवला. हात केले, पाय केले. नाव, गोत्र उच्चारून नदीकाठी जाळला. दहावं झालं, तेरावं झालं. झुंबरबाईंचं कुंकू पुसलं, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

“आनि चार महिनामा हाऊ घर उना,” त्यांनी खाटेकडे बोट केलं. “एक पायवर.”

“दवाखान्यातून न सांगता निघून आलो,” निंबा पाटील म्हणाले. “बायकोचं तोंड बघायचं होतं. पेन्शनचा घोळ झाला तो तिथंच. पाय मी तिकडं सोडून आलो, ताई. पण आईनं इकडं माझे दोन्ही जाळले होते.”

“कोनले माहीत व्हतं,” झुंबरबाई म्हणाल्या. “सासूनी तर पुरा माणूस कया. दोन पाय ठेवात.”

भटजींनी तेव्हाच बजावलं होतं. ज्याचं तेरावं झालं तो परत आला तर आधीचं सगळं मंत्रानं उलटवावं लागतं, पुन्हा बारसं करावं लागतं, पुन्हा लग्न लावावं लागतं. पण आनंदाच्या भरात ते राहूनच गेलं. लेक दारात उभा असताना भटजीचं कोण ऐकतो? आणि पुढच्या वैशाखात, भर दुपारी, शेतात कुणीतरी वखर हाकताना झुंबरबाईंना दिसला.

“तवयपासून येस. रोज दुपारले. बोलस नही, खास नही. काम करस आनि निंघी जास. बठ्ठा गाव सांगस, निंबा लंगडानं सोंग करस. मी कोनकोनले सांगू?”

“तुम्हाला... भीती नाही वाटत?”

म्हातारी विचारात पडली. तसा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा.

“पहिले वाटे. मंग पोरगी झायी, तिन्हं लगीन झायं. वावर त्यानीच सांभाळं. आते तोबी म्हातारा व्हयना वो. दम लागस त्याले. मरेल माणूसले किती राबाडवानं?”

निंबा पाटील खाली मान घालून आपल्या रिकाम्या धोतराची घडी नीट करत होते.

“आमचं ठरलंय,” ते म्हणाले. “पेन्शन लागली तर आमचं पोट भागेल. मग त्याला विधी करून मोकळं करायचं. आधी केला तर खाणार काय? म्हणून इतकी वर्षं त्याला ठेवून घेतला. पाप आहे, कळतं. अर्ज फेटाळला तर... तो असाच राहील. आम्ही गेल्यावरही येत राहील, रिकाम्या घरी पाणी भरत.”

मागच्या दारी सळसळ झाली.

सारिकानं फाइल उघडली. हाताला काम दिलं की डोकं ठिकाणावर राहतं, हे ती कचेरीत शिकली होती. तिनं पायाचा फोटो घेतला. सैन्यातला नंबर विचारला, तो त्यांनी एका दमात सांगितला. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मग चौकशीचा नमुना भरायला घेतला. एकेक रकाना सरळ होता. घर कच्चं. जमीन कोरडवाहू. अपंगत्व, डावा पाय गुडघ्याखाली नाही. तिनं समक्ष पाहिलं होतं, खोटं काहीच नव्हतं.

अकराव्या रकान्याशी पेन थांबलं.

‘घरात शेतीकाम अथवा मजुरी करू शकणारा अन्य पुरुष आहे काय?’

‘आहे’ लिहिलं की अर्जदार गरजू ठरत नव्हता. तिनं वर पाहिलं. मागच्या दारात तो उभा होता. खांद्यावर घागर, पाठीमागे पांढरं जाळ ऊन. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो तिच्याकडेच बघत होता. नव्हे, कागदाकडे. खोलीत राखेचा वास दाटत चालला होता.

“काय लिहू?” तिनं हळूच विचारलं.

निंबा पाटलांनी रिकामं धोतर मुठीत धरलं.

सारिकानं ‘नाही’ लिहिलं. खाली पुन्हा एकदा, ठळक : ‘अर्जदाराव्यतिरिक्त सदर घरात अन्य पुरुष नाही.’ शाईनं, तारखेसह, सहीसह. तिच्या दृष्टीनं ते निम्मं खोटं होतं. उरलेलं निम्मं कुणी तपासायला येणार नव्हतं.

तिनं मान वर केली तेव्हा घागर उंबऱ्याशी ठेवलेली होती. काठोकाठ भरलेली. दारात कुणी नव्हतं.

परत आल्यावर साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

“पाय किती?” त्यांनी विचारलं.

“एकच, साहेब. फोटो लावलाय.”

“मी पाहिला त्याला दोन होते.”

“हो,” सारिका म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर. मग झाकण काढून पेन घेतलं आणि आपल्या आधीच्या अहवालावर लिहिलं, ‘ओळख पटविण्यात चूक झाली.’ सरळ माणूस. कपाळावर घामाचे थेंब आले होते, पण मे महिना होता, त्याचं विशेष नाही.

समिती बसली. जुलैमध्ये मंजुरी निघाली. सारिकानं स्वतः पत्र टाइप केलं आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. त्या दिवशी घरी जाताना तिनं सासूबाईंसाठी जिलबी घेतली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा येऊन आपण जिवंत आहोत असं सिद्ध करायचं. यंत्रावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की माणूस जिवंत. सकाळी दहापासून जिन्यापर्यंत रांग असे. शिपाई गोपालभाऊ नंबरच्या चिठ्ठ्या वाटत आणि म्हाताऱ्यांची थट्टा करत. “काय नाना, अजून आहात का? बरं झालं, चहा पाजा मग.”

त्या दिवशी बारा वाजून गेल्यावर रांग सरली. सारिका डबा उघडणार, तेवढ्यात दारात झुंबरबाई दिसल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. सारिकाला आनंद झाला, ती उठलीसुद्धा. मग मागून तो आत आला.

धुवट धोतर, पांढरी टोपी. मिशा डाव्या बाजूला विरळ. खाली बघायची गरजच नव्हती. दोन्ही पायांत नवीकोरी चप्पल होती, आणि चालण्याचा आवाज साध्या माणसासारखा येत होता. सळसळ नव्हती.

सारिका पुन्हा खाली बसली.

“अक्का,” ती म्हणाली. “विधी केला होता ना?”

“कया. सर्वपित्रीले.” झुंबरबाई तिच्या टेबलाशी अगदी वाकून बोलत होत्या. “भटजी इचारे, नाव कोन्हं लेवानं? नाव तर दोन्हीस्नं एकच. सरकारी कागदवर बी एकच माणूस शे... दोन्ही आंगणमा बसेल व्हतात. हाऊ खालपट, आनि एक पायवाला खाटवर. आगीन लागनी. धूर झाया. धूर निंघी गया, आनि...”

“आणि काय?”

“खाट रिकामी व्हती वो बेटी.”

यंत्राचा पंखा घुर्रर्र वाजत होता. तो म्हातारा बाकावर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, पहिल्यांदाच कॅलेंडर पाहिल्यासारखा.

“एक जावाले पाहिजे व्हता, गया. बाहेर कोनले काय सांगू? मेला म्हनू तर मातीबी नही.” म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला नाही, नुसता हातात धरून ठेवला. “पहिले हाऊ खाये नही. आते दोन माणूसन्या भाकरी लागतस त्याले. आनि काम करस नही. नुसता खाटवर बसस. पेन्सन बंद पडनी तर मी काय करू...”

सारिकानं डबा बाजूला ठेवला. मग यंत्र पुढे सरकवलं. अंगठा जुळला नाही तर प्रश्न आपोआप मिटेल, असं तिला वाटलं. आणि जुळला तर... तर त्यापुढचा विचार तिनं केला नव्हता.

“बाबा, डावा अंगठा ठेवा.”

त्यानं ठेवला. बोट कोरडं होतं, पानासारखं.

हिरवा दिवा लागला नाही. लालही नाही. पडद्यावर एक ओळ आली : ‘या निवृत्तिवेतनधारकाचा चालू वर्षाचा दाखला जमा झाला आहे. आज, १०:४०.’

सारिकानं ती ओळ तीनदा वाचली. दहा वाजल्यापासून ती खुर्चीतून हलली नव्हती, आणि निंबा पाटील तिच्यासमोर आलेच नव्हते.

“गोपालभाऊ,” तिनं हाक मारली. “टेंभरपाणीचे निंबा पाटील... यांचा दाखला कुणी घेतला?”

गोपालभाऊ दारातून डोकावले. “कुबडीवाले बाबा ना? झालं की त्यांचं मघाशी. तुम्हीच नाही का घेतला?”

“मी?”

“म्हणजे काय, ताई. खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. चांगला अर्धा तास बोलत होता दोघं. मागची रांग कुरकुर करायला लागली, तेव्हा मी म्हटलं, ताईंच्या ओळखीचे दिसतात.”

झुंबरबाईंनी पदर तोंडात धरला होता.

“काय... काय बोलत होते ते?”

“मी काय कान लावून बसतो का? काहीतरी घराचं चाललं होतं. म्हणे, माझ्या घरी आता जागा राहिली नाही, मी जाऊ कुठं? तर तुम्ही पत्ता लिहून दिला की त्यांना. रिक्षासुद्धा मलाच बघायला लावली. देवपूरची.”

टेबलावर तिचं पॅड पडलं होतं. वरचं पान फाडलेलं, घाईनं फाडल्यासारखं तिरकं. तिनं पॅड उजेडाकडे धरलं. खालच्या कोऱ्या पानावर पेनाचा दाब उमटला होता. दत्तमंदिरापासून दुसरी गल्ली, निळं गेट. पत्ता तिच्या घराचा होता, अक्षर तिचंच. ‘ल’ काढताना ती शेपटी लांब ओढते, तशी ओढलेली.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. तेजस दोंडाईच्याला कामावर. सासरे जाऊन सात वर्षं झाली. या वेळी घरात सासूबाई एकट्याच असतात.

तिनं फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग सासूबाईंनी उचलला, आणि त्यांचा आवाज खाली होता, घरात कुणी झोपलेलं असताना असतो तसा.

“हळू बोल गं,” त्या म्हणाल्या. “आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा. तुझी चिठ्ठी दाखवली त्यांनी. बरं केलंस पाठवलंस ते. फार दमून आले होते बिचारे.”

“आई... त्यांना... ते कसे...”

“पाय ठणकत होते म्हणाले. मी चांगलं कोमट तेल चोळून दिलं. दोन्ही पायांना.”